बोगद्यात शिरताना गाडीचे दिवे : नियम, सवयी आणि मागचा लाल दिवा

नीराकाठ (धागाकर्ता)

गेल्या रविवारी साताऱ्याहून पुण्याकडे येताना खंबाटकीच्या बोगद्यात माझ्या पुढे एक राखाडी मोटार होती. दुपारचा एक वाजला होता आणि बाहेर डोळे दिपावेत असे ऊन होते. बोगद्याच्या तोंडातून आत गेल्याबरोबर ती मोटार नाहीशी झाली. मी वेग कमी केलेला होता, माझे दिवेही लावलेले होते, तरी दोन-तीन सेकंद पुढे नुसता काळोख आणि वरच्या दिव्यांची रांग एवढेच दिसत होते. मग एकदम तिचे ब्रेकचे दिवे लागले आणि मी धरून चाललो होतो त्याच्या निम्म्या अंतरावर ती आहे हे कळले. तिचे मागचे दिवे बंद होते.

पुढे शिरवळला चहासाठी थांबलो, तर तीच मोटार तिथे उभी. चालक माझ्याच वयाचे गृहस्थ होते. मी जरा बिचकतच विषय काढला, तेव्हा ते म्हणाले, "अहो, माझ्या गाडीचे दिवे तर चावी फिरवल्यापासून बंदच होत नाहीत." त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. पुढे दिवसा आपोआप लागणाऱ्या दिव्यांच्या पांढऱ्या पट्ट्या लागलेल्या होत्या, आत डॅशबोर्ड उजळलेला होता. मी त्यांना गाडी सुरू ठेवून मागच्या बाजूला यायला सांगितले. मागे काहीही लागलेले नव्हते. ते थोडा वेळ नुसते पाहत राहिले, मग म्हणाले, "दोन वर्षे झाली गाडी घेऊन."

बोगद्यात दिवे लावण्याविषयी आपल्याकडे नियम नेमका काय आहे, हे दिवसा लागणारे दिवे त्यासाठी पुरतात का, आणि कित्येक जण चारही इंडिकेटर लावून बोगदा पार करतात ते बरोबर की चूक, याविषयी जाणकारांनी लिहावे अशी विनंती आहे.

कंदील

माझा व्यवसाय प्रकाशयोजनेचा आहे, म्हणून डोळ्यांपासून सुरुवात करतो. भर दुपारी उन्हातल्या रस्त्याची उजळी मोजली तर ती प्रति चौरस मीटर काही हजार कँडेलांच्या घरात जाते. लांब बोगद्याच्या मध्यभागी दिवसासुद्धा ती जेमतेम एक आकडी असते. उजेडातून अंधारात गेलेल्या डोळ्याला सावरायला वेळ लागतो, आणि अंधारातून उजेडात येताना त्याहून फारच कमी लागतो. म्हणून धोक्याची जागा म्हणजे बोगद्याचे तोंड. बाहेरून ते नुसते काळे भोक दिसते, आणि आमच्या व्यवसायात त्याला तशाच अर्थाचे नाव आहे.

त्यासाठी नव्या बोगद्यांत सुरुवातीच्या टप्प्यात दिवे मुद्दाम दाट आणि प्रखर ठेवतात, आणि आत जाऊ तसे ते पायरीपायरीने विरळ करत नेतात. पहिल्या प्रखर टप्प्याची लांबी किती ठेवायची, तर त्या रस्त्यावरच्या वेगाने गाडी थांबायला जेवढे अंतर लागते साधारण तेवढी. ताशी ८० किलोमीटरसाठी आपल्याकडचे रस्त्याच्या आखणीचे कोष्टक हे अंतर १२० मीटर धरते. रात्री मात्र हेच प्रवेशाचे दिवे मंद करावे लागतात, कारण तेव्हा बाहेरच काळोख असतो.

आता धागाकर्त्यांच्या अनुभवाचे गणित करू. ताशी ८० म्हणजे सेकंदाला सुमारे २२ मीटर. डोळे तीन सेकंद आंधळे झाले तर गाडी तेवढ्यात ६५ मीटरहून अधिक पुढे गेलेली असते. या ६५ मीटरांत आपले हेडलाईट आपल्याला फारसे उपयोगी पडत नाहीत, कारण पुढच्या राखाडी गाडीवरून परावर्तित होणारा उजेड ओळखण्याच्या अवस्थेत डोळा नसतो. लाल दिवा मात्र स्वतः प्रकाश देतो, त्यामुळे डोळा पुरता सावरलेला नसतानाही तो दिसतो. बोगद्यातले दिवे आपल्याला दिसावे म्हणून कमी आणि आपण दुसऱ्याला दिसावे म्हणून जास्त लावायचे असतात, आणि तेही विशेषतः मागच्याला. म्हणूनच दिवसा लागणाऱ्या पट्ट्या पुरत नाहीत. बहुतेक गाड्यांमध्ये त्या फक्त पुढे असतात. त्यांच्याबरोबर मागचे दिवेही लागतील अशी रचना काही मोजक्या गाड्यांतच आहे.

दादरचा

कंदील यांचे विवेचन आवडले, पण माझी एक शंका आहे. मुंबईच्या सागरी किनारा मार्गावरच्या बोगद्यातून मी जवळपास रोज जातो. मार्च २०२४ मध्ये तो पहिल्यांदा वाहतुकीला उघडला, प्रत्येक दिशेला वेगळी नळी आहे, लांबी २ किलोमीटरच्या थोडी वर आहे, आणि आत इतका उजेड आहे की वर्तमानपत्र वाचता यावे. तिथे दिवे लावले काय आणि न लावले काय, फरक कोणता पडतो? खंबाटकीचा बोगदा जुना आहे. त्याच्यासाठी केलेला नियम सगळ्यांच्या गळ्यात कशाला?

कंदील

@दादरचा, वर्तमानपत्र वाचता येते कारण तुम्ही आत जाऊन एक मिनिट झालेले असते. गिरगाव चौपाटीकडून समुद्रावरचे ऊन डोळ्यांत घेऊन येणाऱ्या माणसाला पहिल्या पाच सेकंदांत ते वाचता येणार नाही. दुसरे असे की त्या उजेडात सगळ्या गाड्या सारख्याच उजळलेल्या असतात आणि भिंतही तशीच पांढुरकी असते, त्यामुळे पुढची गाडी किती लांब आहे याचा अंदाज चुकतो. दोन लाल ठिपके एकमेकांपासून दूर सरकताना दिसले की अंतर कमी होत आहे हे विचार न करता समजते. तिसरे, वीज जाऊ शकते. पर्यायी पुरवठा असतो, पण तो सुरू होईपर्यंतचे क्षण आपल्याच दिव्यांवर काढायचे असतात. त्या वेळी बटण शोधत बसणारा चालक मला माझ्या पुढे नको आहे.

कलमवाले

कायद्याच्या बाजूने थोडे लिहितो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०५ हा दिव्यांचा मूळ नियम आहे. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयापूर्वी अर्ध्या तासापर्यंत, असा त्याचा पहिला भाग सर्वांना तोंडपाठ असतो. पण त्याच वाक्यात पुढे "आणि पुरेसा प्रकाश नसेल अशा कोणत्याही वेळी" अशा आशयाचे शब्द आहेत आणि बोगदा त्यांत येतो. पुढच्या दिव्यांनी रस्त्यावरची माणसे आणि वाहने १५५ मीटरपर्यंत स्पष्ट दिसली पाहिजेत, मागे लाल दिवा दिसला पाहिजे आणि क्रमांकाच्या पाटीवर पांढरा उजेड पडला पाहिजे, अशी त्याची मागणी आहे. म्हणजे नुसत्या पुढच्या पट्ट्या लावून जाणारा चालक स्वतःच्या समजुतीने दिवे लावलेला असला, तरी नियमाच्या दृष्टीने दिवे न लावताच चाललेला आहे.

दादरचा यांनी काढलेल्या "भरपूर उजेड असलेल्या बोगद्याचे काय" या मुद्द्यावर नियम १०५ पुरता वाद घालता येईल. परंतु बोगद्याच्या तोंडाशी दिवे लावण्याची आज्ञा देणारे चिन्ह असेल, तर मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ११९ प्रमाणे ते पाळणे बंधनकारक आहे. आत उजेड किती आहे हे ठरवण्याचे काम मग चालकाकडे राहत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १७७ खालचा सर्वसाधारण दंड पहिल्या वेळी ५०० रुपये आणि पुढच्या वेळी १५०० रुपयांपर्यंत आहे.

फुल लाईटवाल्यांसाठीही एक नियम आहे. दिवा असा असावा की त्याच्यापासून ८ मीटर अंतरावर, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत त्या माणसाला तो दिपवणार नाही, असे नियम १०६ सांगतो. ही मोजमापे कागदावर फार छान आहेत. बाजारात मिळणारे निळसर पांढरे बल्ब लावून घेणाऱ्यांपैकी किती जणांनी ती वाचली असतील, हे देव जाणे.

लालडबा

मी एसटीत २९ वर्षे चालक होतो आणि आता निवृत्त आहे. वरच्या मंडळींनी शास्त्र आणि कायदा सांगितला, मी हाताची सवय सांगतो.

आम्हाला जुन्या चालकांनी शिकवले ते असे : बोगद्याची पाटी दिसली की पाय आधी ॲक्सिलरेटरवरून काढायचा, मग डिपरवर, म्हणजे खाली वळलेल्या झोतावर, दिवे लावायचे, मग डोळ्यांवरचा काळा चष्मा काढायचा, आणि हे सगळे तोंडापाशी पोहोचण्याच्या आत झाले पाहिजे. आत गेल्यावर बटण शोधायचे नाही. चष्मा काढायला पुष्कळ जण विसरतात, आणि काळा चष्मा घालून बोगद्यात शिरणे म्हणजे दिवे न लावण्यापेक्षाही वाईट आहे असे माझे मत आहे. ज्यांच्या चष्म्याच्या काचा उन्हात आपोआप काळ्या होतात, त्यांनी तर वेग आणखी कमी करावा, कारण त्या काचा आत गेल्या म्हणून लगेच पांढऱ्या होत नाहीत.

अप्पर बोगद्यात कधीच नाही. एकेरी वाहतुकीच्या बोगद्यात समोरून कोणी येत नाही, म्हणून बरेच जण निवांतपणे फुल लाईट लावून जातात. पण पुढच्या चालकाच्या तिन्ही आरशांत तुमचा झोत भरतो, आणि ओल्या भिंतीवरून उलटून तो तुमच्याही डोळ्यांवर येतो. दुरुस्तीसाठी एक नळी बंद ठेवून दुसरीतून दोन्हीकडची वाहतूक सोडतात, तेव्हा तर अप्परवाला समोरच्याला आंधळाच करतो. पुढच्याला इशारा द्यायचा असेल तर एकदा अप्पर-डिपर करावा आणि पुन्हा डिपरवर यावे. हॉर्न मात्र शक्यतो वाजवू नये; आत तो इतका घुमतो की कुठून आला तेच कळत नाही.

घाटमाथा

माझ्या दोन मालगाड्या आहेत. चारही इंडिकेटर लावण्याविषयी इथे अजून कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. आमचे चालक बोगद्यात ते लावतात आणि मला त्यात चूक वाटत नाही. भरलेली गाडी चढावर ताशी २०-२५ ने चालते, मागून मोटारी ८० ने येतात. साधा लाल दिवा धुळीने माखलेला असतो. लुकलुकणारा पिवळा दिवा लांबून दिसतो. हेतू सुरक्षिततेचाच आहे, मग आक्षेप कशाला?

कलमवाले

@घाटमाथा, तुमचा हेतू मला मान्य आहे, पण चिन्हाचा अर्थ सगळ्यांनी एकच घेतला तरच ते चिन्ह उपयोगी पडते. चारही इंडिकेटर म्हणजे "मी इथे थांबलो आहे किंवा रस्ता अडवून आहे" असा अर्थ आहे. बोगद्यातली प्रत्येक गाडी ते लावून चालू लागली, तर खरोखर बंद पडलेली गाडी ओळखणार कशी? शिवाय मार्गिका बदलायची झाली तर तुमचा उजवा इंडिकेटर वेगळा दिसतच नाही.

लालडबा

@घाटमाथा, धुळीने माखलेल्या दिव्यावर उपाय फडका आहे. गाडी सुटण्यापूर्वी चालकाने टायरवर हात मारून हवा बघावी आणि मागच्या दिव्यांवर फडका मारावा, हे आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवले होते. अतिशय हळू चाललेल्या भरलेल्या गाडीपुरता तुमचा मुद्दा मी थोडा मान्य करतो. पण रिकाम्या गाडीने आणि मोटारीने ते लावत सुटावे याला काही आधार नाही.

घाटमाथा

फडक्याचा मुद्दा निमूटपणे स्वीकारतो. लाल परावर्तक पट्ट्याही नव्या लावून घेतो.

कात्रजकर

दुचाकीवाल्यांच्या वतीने दोन शब्द. १ एप्रिल २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिन सुरू होताच आपोआप लागतो आणि तो बंद करण्याचे बटणच नसते. लोकांनी सुरुवातीला याची फार थट्टा केली. रस्त्यात दर दहा मिनिटांनी कोणीतरी हाताची मूठ उघडझाप करून "दिवा चालू आहे" असे सांगत असे. बोगद्यात मात्र यामुळे दुचाकीवाला मोटारवाल्यापेक्षा कायद्याच्या अधिक जवळ आहे, ही गंमत आहे. आमची चूक वेगळी असते. शिरस्त्राणाची काळी काच खाली ओढलेली असते आणि ती वर करायला हात मोकळा नसतो.

पावसाळ्यातला एक अनुभव सांगतो. मित्राच्या मोटारीने नव्या कात्रज बोगद्यातून येत होतो. बाहेर पाऊस, आत वातानुकूलन जोरात, आणि बोगद्यात शिरताच पुढची काच बाहेरून दुधासारखी पांढरी झाली. मित्र आतून फडक्याने पुसत राहिला, आणि अर्थातच काही होईना. गार काचेवर बोगद्यातली उबदार दमट हवा बाहेरून साकळलेली होती; वायपर एकदा फिरवताच ती गेली. त्या चार-पाच सेकंदांत आम्हाला दिसत होते ते फक्त पुढच्या टेम्पोचे दोन लाल ठिपके. कंदील यांनी लिहिलेले वाचताना तेच आठवले.

उत्तरेकडचा

मी गेली ११ वर्षे नॉर्वेत राहतो. या देशात बोगदे इतके आहेत की लांबच्या प्रवासात त्यांची मोजदाद सोडून द्यावी लागते. जगातला सर्वांत लांब रस्त्याचा बोगदा इथेच, लॅर्डाल आणि ऑर्लान्ड यांच्यामध्ये आहे : २४.५ किलोमीटर, २००० साली उघडलेला, आणि एकाच नळीतून दोन्ही दिशांची वाहतूक. चालकाला कंटाळा येऊन झापड येऊ नये म्हणून मध्ये तीन ठिकाणी डोंगर अधिक रुंद कोरून तिथे निळा उजेड सोडला आहे, त्यामुळे क्षणभर बाहेर आल्यासारखे वाटते.

या देशात दिवसरात्र, उन्हाळा-हिवाळा, चालत्या गाडीचे दिवे लावलेलेच असले पाहिजेत असा नियम आहे, त्यामुळे बोगद्यासाठी वेगळी आठवण ठेवावी लागत नाही. तरीही धागाकर्त्यांना खंबाटकीत दिसलेली अंधारी पाठ मला इथेही अधूनमधून दिसते, आणि कारण तेच असते : पुढच्या पट्ट्या आणि उजळलेला डॅशबोर्ड. पूर्वी दिवे लावल्याशिवाय डॅशबोर्डवर उजेडच पडत नसे, त्यामुळे बोगद्यात काटे दिसेनासे झाले की चालकाचा हात आपोआप बटणाकडे जाई. आता पडदा कायम उजळलेला असतो आणि ती जुनी सूचना नाहीशी झाली आहे.

हिमाचलात अटल बोगद्यातून गेलो होतो, तेव्हा लॅर्डालची आठवण झाली. ऑक्टोबर २०२० मध्ये उघडलेला तो ९ किलोमीटरचा बोगदाही एकाच नळीत दुहेरी वाहतुकीचा आहे. बर्फावरच्या उन्हातून थेट आत शिरायचे आणि समोरून गाड्या येत असायच्या. तिथे अप्पर लावून येणारा एक जरी भेटला, तरी लालडबा काकांचा नियम मनोमन पटतो.

शिकाऊ

नुकताच परवाना मिळाला आहे, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटल्यास क्षमा असावी. आमच्या गाडीत दिव्यांच्या बटणावर "ऑटो" अशी खूण आहे. गाडी देणाऱ्यांनी सांगितले की ते तसेच ठेवा, अंधार झाला की दिवे आपोआप लागतील. मग बोगद्यात मी काहीच करायचे नाही का? आणि पुढच्या महिन्यात समृद्धी महामार्गाने नाशिककडे जायचे आहे. इगतपुरीचा बोगदा जवळजवळ ८ किलोमीटरचा आहे असे ऐकले, त्यात गाडी बंद पडली तर काय करायचे?

कंदील

@शिकाऊ, प्रश्न बाळबोध मुळीच नाही. "ऑटो" खुणेवर पुढच्या काचेमागे, आरशाच्या आसपास एक लहान संवेदक असतो आणि तो वरून पडणारा उजेड मोजतो. पुलाच्या सावलीखाली दिवे उगाच लागू-विझू नयेत म्हणून काही गाड्यांत तो थोडा थांबून निर्णय घेतो. काही गाड्यांत हा विलंब नगण्य असतो, काहींत सेकंदभराहून जास्त. परंतु दिवे नेमके ज्या सेकंदाला हवे असतात तो पहिलाच आहे. म्हणून बोगद्याची पाटी दिसली की बटण हाताने हेडलाईटच्या खुणेवर फिरवावे. तुमच्या गाडीत मागचे दिवे लागले का हे एकटीने पाहायचे असेल, तर संध्याकाळी दुकानाच्या काचेला पाठ करून गाडी उभी करावी आणि आरशात बघावे.

लालडबा

@शिकाऊ, गाडी बंद पडतेय असे वाटताच, ती चालत आहे तोवर डाव्या कडेला किंवा बाजूला थांबण्यासाठी केलेल्या रुंद जागेत न्यावी. चारही इंडिकेटर लावायची वेळ ती, आणि तेव्हा डिपर चालूच ठेवावा. इंजिन बंद करावे, मागे-पुढे पाहून सगळ्यांनी गाडीतून उतरावे, भिंतीलगत चालत भिंतीवरच्या दूरध्वनीपर्यंत जावे. तिथून बोललात तर नियंत्रण कक्षाला तुमची जागा लगेच कळते. गाडी मागे घेणे किंवा वळवणे मनातही आणू नये. धूर दिसला तर चावी गाडीतच ठेवून दुसऱ्या नळीत जाणाऱ्या दाराकडे चालू लागावे; सामान राहू द्यावे.

नीराकाठ (धागाकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. कंदील यांनी सांगितलेला काचेचा प्रयोग काल कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानासमोर केला. उजवीकडचा लाल दिवा लागला, डावीकडचा लागला नाही. शिरवळच्या त्या गृहस्थांना मी गाडीमागे बोलावून घेतले तेव्हा माझ्या गाडीमागे कोणीच गेले नव्हते. बल्ब आज सकाळी बदलला. मेकॅनिकच्या मते खालच्या पट्टीवर गंज धरलेला आहे, म्हणजे तो बराच काळ बंद असावा.

दादरचा

माझीही गाडी रात्री तपासली. दोन्ही लागतात. बोगद्यात मात्र आजवर लावले नव्हते, उद्यापासून लावतो.